उजेडापुरती परवानगी

आमच्या गच्चीवर मी वर्षातून दोनदा जातो. एकदा कोजागिरीला दूध प्यायला, आणि एकदा उन्हाळ्यात पापडांवरचे कावळे हाकलायला. तिथून आकाशाकडे पाहिलंच तर पाऊस येतोय का, एवढ्यासाठी. तेव्हा मराया मिचेल ह्या बाईंबद्दल मला आदर का वाटतो, हे निराळं सांगायला नको. (नाव मारियासारखं लिहितात, पण म्हणायचं मराया.)

अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावर बाईंचे वडील बँकेत कॅशियर. बिऱ्हाड बँकेच्याच इमारतीत, आणि दुर्बीण गच्चीवर. १ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री घरात पाहुणे असताना बाई हळूच वर सटकल्या आणि ध्रुवताऱ्याजवळ एक नवा धूमकेतू शोधून खाली आल्या. पाहुण्यांतून मी नाहीसा झालो, तर धूमकेतूचा संशय कोणी घेणार नाही.

दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधणाऱ्याला डेन्मार्कचा राजा सुवर्णपदक देई. पण अट अशी, की शोधाची खबर पहिल्या टपालानं गेली पाहिजे. वडिलांनी हार्वर्डला पत्र लिहिलं, पण बेटावरून टपाल निघालं ते चार तारखेला! आणि तीन तारखेला रोममध्ये फादर दे व्हिकोंना तोच धूमकेतू दिसला. टपालाचा घोळ हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही, एवढाच दिलासा. शेवटी हार्वर्डच्या अध्यक्षांनी रदबदली केली आणि १८४८ साली पदक बाईंनाच मिळालं.

पुढे १८५८ साली बाई पॅरिसहून रोमला गेल्या, त्या कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्नच्या कुटुंबाबरोबर. ह्याच गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी प्रकाशकाला पत्र लिहून लेखिकांच्या नावानं बोटं मोडली होती. त्यांच्या खपापुढे आपला टिकाव कसा लागणार, ही खरी पोटदुखी! धूमकेतू शोधणाऱ्या बायकांचं मात्र त्यांना वावडं नसावं.

रोममध्ये हॅरिएट हॉस्मर होती. शिल्पकार. शरीरशास्त्र शिकायला बॉस्टनमध्ये कोणी घेईना, म्हणून थेट सेंट लुइसला जाऊन शिकून आलेली. तिच्या 'झेनोबिया'वर हॉथॉर्न असे खूश, की बाईमाणसाची चोरी करता आली असती तर हा पुतळाच उचलला असता, अशा अर्थाचं त्यांनी १८६० च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत छापून टाकलं. इंग्लंडातल्या मासिकांनी मात्र वेगळीच चोरी काढली : पुतळा हिचा नव्हेच, हिच्या कारागिरांचा! बाईनं अब्रुनुकसानीचा बडगा उगारला आणि १८६४ साली लेख लिहून सांगितलं, की बाबांनो, पुरुष शिल्पकारही दगड फोडायला माणसं ठेवतात. त्यांना कोणी विचारत नाही.

मराया मिचेलना रोममध्ये पाहायची होती ती फादर सेक्कींची वेधशाळा. तिथे बायकांना मज्जाव. खूप खटपटी झाल्या, वरपर्यंत अर्ज गेले, आणि परवानगी आली! बाई आत गेल्या, यंत्रं पाहिली, आणि मोठ्या दुर्बिणीतून तेजोमेघ पाहायचे म्हणून अंधाराची वाट पाहू लागल्या. तेव्हा फादरनी खुलासा केला, की परवानगी फक्त उजेडापुरती आहे.

वेधशाळेत, उजेडापुरती! सूर्य मावळायच्या आत बाई रस्त्यावर. आमच्या पापडांचीही राखण उजेडापुरतीच असते म्हणा. पण अंधार पडायच्या आत मी खाली आलो, तर कावळ्यांखेरीज कोणाचं काही अडत नाही.