घसरलेल्या चाकाचे गणित

१/ बोईसरहून चिल्हार फाट्याकडे, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तारापूर एमआयडीसीचे ट्रक-टँकर वर्षभर धावतात. डांबरावर बसलेली तेलाची आणि धुळीची पुटे जूनच्या पहिल्या सरीने ओली झाली, की ब्रेक दाबताच मोटार स्टिअरिंगला न जुमानता आडवी सरकू लागते. त्या दोन-तीन क्षणांत चाकाखाली जे घडते, तेच संगणकात उतरवण्यासाठी शर्यतीचे खेळ रचणारे चाळीस वर्षे झगडत आले आहेत.

२/ ब्रिटनच्या जेफ क्रॅमंड यांचा ‘रेव्ह्‌ज’ १९८४ चा, बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी रचलेला. अमेरिकेतील पॅपिरसचा ‘इंडियानापोलिस ५००’ १९८९ चा. मोटारीच्या हालचालीमागे भौतिकी असावी, हा आग्रह इथून रुजला.

३/ दरम्यान १९८७ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टचे हान्स पाचेयका यांनी, बाकर आणि नायबोर्ग यांच्यासह, टायरच्या पकडीचे एक सूत्र मांडले. त्याचे नावच ‘मॅजिक फॉर्म्युला’! जादू एवढीच, की त्यातील गुणांक रबराच्या स्वभावातून निघत नाहीत. ते मोजमापांवर बेतून घेतले जातात, आणि तरीही आलेख अचूक जुळतो.

४/ वळणावर चाकाचे तोंड एका दिशेला असते आणि मोटार किंचित दुसऱ्या दिशेला जात असते. या दोहोंतील कोन वाढतो तशी पकड वाढते, काही अंशांवर शिखर गाठते, मग उतरू लागते. शिखरापूर्वी जमिनीला टेकलेल्या रबराचा पुढचा भाग रस्ता धरून असतो, मागचा सरकत असतो. शिखर ओलांडले की जवळजवळ सगळेच सरकते. तिथून पुढे सत्ता तापमानाची आणि सरकण्याच्या वेगाची.

५/ खरी अडचण त्या उतारावर आहे. मोठ्या कोनांवर चाचणीतला टायर पाहता पाहता तापतो आणि झिजतो. म्हणून तिथली मोजमापे विरळ असतात. उरलेली रेषा रचणाऱ्याने अदमासाने ओढायची. ती फार खडी ओढली तर घसरलेली मोटार बर्फावर असल्यासारखी हाताबाहेर जाते. फार सपाट ओढली तर कोणीही ती मैलभर आडवी चालवावी. गंमत अशी, की दोन्ही प्रकारांना ‘अस्सल’ म्हणणारे खेळाडू भेटतात. कठीण ते खरे, हा समज मोठा चिवट आहे.

६/ १९९८ च्या ‘ग्रँड प्रिक्स लेजंड्स’ने तो समज बळावला. १९६७ च्या हंगामातील, पंख नसलेल्या बलाढ्य मोटारी नवख्याला पहिल्याच वळणावर गरगरा फिरवीत. खेळ फारसा खपला नाही, पण आदर्श ठरला.

७/ त्याचे कर्ते डेव्हिड केमर पुढे ‘आयरेसिंग’चे सहसंस्थापक झाले. २०११ च्या सुमारास त्यांनी बेतीव आलेख बाजूला ठेवून रबराच्या भौतिकीवरूनच टायर रचायला घेतला.

८/ याच वर्षी ब्रिटनचा यान मार्डेनबरो ‘ग्रॅन तुरिस्मो’ खेळून जीटी अकॅडमी जिंकला आणि २०१३ मध्ये ल माँच्या शर्यतीत उतरला. आता खेळातली सवय खऱ्या रस्त्यावर चालणार होती. घसरण सुरू झाल्याचे चालकाला आधी पाठीला आणि नितंबांना कळते. पडद्यासमोर बसलेल्याला फक्त डोळे, कान आणि हातातले चाक. उलटे स्टिअरिंग किती आणि कधी सोडायचे, हे चुकीच्या उतारावर शिकलेला हात खऱ्या डांबरावर उशीर करतो.

९/ ‘आयरेसिंग’ २००८ मध्ये सुरू झाले. त्यात पाऊस पडला तो २०२४ मध्ये, आणि तोही शर्यतीच्या निगुतीने राखलेल्या मार्गांवर.