चंद्र पाठ असलेला माणूस

मी ट्रेकच्या फोटोंखाली ‘नो एडिट’ असं मिरवत लिहायचो. मग फिल्म कॅमेरा हातात आला, पहिल्या रोलमधल्या ३६ पैकी निम्म्या फ्रेम कोऱ्या निघाल्या आणि मी अॅन्सेल अॅडम्स वाचायला घेतला.

१ नोव्हेंबर १९४१. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र आलेला, मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर. अॅडम्सने गाडी थांबवून ८ बाय १० इंची निगेटिव्हचा अवजड कॅमेरा लावला, पण लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता मात्र त्याला पाठ होती : दर चौरस फुटाला २५० कॅन्डल. त्यावरून त्याने मनातल्या मनात एक्स्पोजर ठरवलं. दुसरा फोटो घेईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलेलं! (ही तारीखही त्याने नोंदवली नव्हती, पुढे खगोल अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून ती काढली.)

इथवरचा किस्सा सगळे सांगतात. पण त्या निगेटिव्हचा खालचा भाग फारच विरळ होता. १९४८ साली अॅडम्सने रसायन वापरून तो दाट केला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश फिकट, ढगाळ दिसतं. नंतरच्या प्रिंटमध्ये जवळजवळ काळं. मूळचा पियानो शिकलेला हा माणूस निगेटिव्हला स्वरलिपी म्हणायचा आणि प्रिंटला वादन.

राजमाचीच्या एका निगेटिव्हचे मी आतापर्यंत तीन प्रिंट काढलेत. आकाश अजून जमलेलं नाही.