घरच्या छपरावरील विजेचा रतीब



ज्या घरीं वर्षानुवर्षें गवळ्याचा रतीब चालू आहे, त्या घरानें एके दिवशीं स्वतःच गाय पाळावी आणि उरलेलें दूध त्याच गवळ्यास विकत घ्यावयास लावावें, असें कोणी सुचविलें तर तो गवळी हंसेल. परंतु विजेच्या बाबतींत नेमकी हीच गोष्ट गेल्या पन्नास वर्षांत घडून आली आहे. आपल्या छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारा गृहस्थ आज अनेक देशांत वीज कंपनीचें केवळ गिऱ्हाईक राहिलेला नाहीं. तो तिला वीज विकतोहि. त्याला हे पैसे कोणीं मिळवून दिले, आणि ते अखेर कोणाच्या खिशांतून आले, याचा विचार आज करावयाचा आहे. उदाहरण जर्मनीचें घेतों. कारण हा व्यवहार तेथें उघडपणें, कायद्यानें आणि पुष्कळ वादानंतर ठरला.

प्रकाशापासून वीज उत्पन्न करणारा उपयुक्त सौर घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें 1954 सालीं जगापुढें ठेवला. पुढें तो कृत्रिम उपग्रहांवर बसला. पण घरावर चढण्यास त्याला फार दिवस लागले, कारण तो अतिशय महाग होता. शिवाय दुसरी एक अडचण होती, ती यंत्राची नव्हे, हक्काची. दुपारीं छपरावर वीज भरपूर होते, आणि घरांतल्या माणसांना तिची गरज लागते ती संध्याकाळीं. दुपारची शिल्लक वीज कंपनीच्या तारांत सोडावयाची, तर तारा कंपनीच्या. तिनें ती कां घ्यावी? आणि घेतली तरी मोल कां द्यावें? 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेनें 1978 सालीं कायदा करून लहान उत्पादकांची वीज विकत घेण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें. हक्काचा प्रश्न सोडविण्याच्या दिशेनें तें एक मोठें पाऊल होतें.

जर्मनींत 1935 च्या कायद्यानें मोठ्या वीज कंपन्यांची आपापल्या प्रदेशांतील मक्तेदारी पक्की झाली होती. 1986 सालीं चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला आणि विजेचा दुसरा मार्ग शोधला पाहिजे, ही भावना सामान्य जर्मन घरांतहि शिरली. 1990 सालीं माथियास एंगेल्सबर्गर आणि वोल्फगांग डॅनियल्स या एकमेकांच्या विरुद्ध पक्षांतील दोन सभासदांच्या खटपटीनें जर्मन लोकसभेनें एक अगदीं छोटा कायदा संमत केला. 1 जानेवारी 1991 पासून तो अंमलांत आला. वारा व सूर्य यांपासून केलेली वीज कंपनीनें घेतलीच पाहिजे, आणि गिऱ्हाइकांकडून ती सरासरीनें जो दर घेते त्याच्या शेंकडा 90 इतकें मोल दिलें पाहिजे, असें त्यांत सांगितलें होतें.

येथें थोडें गणित मांडूं. हें मोल युनिटामागें सुमारें 17 फेनिग पडे. शंभर फेनिगांचा एक मार्क. पवनचक्कीवाल्यास तें परवडलें. पण छपरावरच्या सौर विजेचा उत्पादनखर्च त्या काळीं युनिटामागें सुमारें दोन मार्क, म्हणजे 200 फेनिग होता. जी वस्तु तयार करण्यास बारा आणे पडतात, ती एका आण्यास विकण्याचा हा हक्क! कायद्यानें दार उघडलें खरें, पण आंत पाऊल टाकणें श्रीमंत हौशी माणसालाच शक्य होतें.

या कोंड्यावर उपाय निघाला तो राजधानींत नव्हे, लहान गांवांत. आखेन शहरांत वोल्फ फॉन फाबेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1986 सालीं सौरशक्तीच्या प्रसारासाठीं एक मंडळ काढलें होतें. त्यांचें म्हणणें सरळ होतें: कोळशाच्या विजेला तिचा खर्च भरून येईल असा दर मिळतो, मग सूर्याच्या विजेला कां मिळूं नये? युनिटास सुमारें दोन मार्क द्यावेत, तेंहि वीस वर्षें; आणि हा बोजा शहरांतील सर्व वीज गिऱ्हाइकांवर थोडाथोडा वांटावा. प्रत्येकाच्या देयकांत शेंकडा एकापेक्षां अधिक वाढ होऊं नये, अशी मर्यादा होती. नगरसभेनें 1992 सालीं हें मान्य केलें. परंतु वीजसंस्थेचा विरोध मोडून योजना सुरू होण्यास 1995 साल उजाडलें. तोंपर्यंत हामेलबुर्ग या बव्हेरियांतील लहान गांवानें, हान्स-योझेफ फेल यांच्या प्रयत्नानें, 1993 सालींच असा दर देण्यास आरंभ केला होता.

हेच फेल 1998 सालीं लोकसभेवर निवडून आले, आणि हेर्मान शेअर प्रभृति सभासदांसह त्यांनीं गांवची रीत देशाची केली. 1 एप्रिल 2000 रोजीं नवा कायदा सुरू झाला. सौर विजेस युनिटामागें 99 फेनिग, तेंहि वीस वर्षें, असें अभिवचन त्यानें दिलें. त्यांत एक मोठी शहाणपणाची अट होती: जो जितक्या उशिरां यंत्र बसवील, त्याचा दर तितका कमी. 2004 सालीं लहान छपरांचा दर वाढवून 57.4 युरो सेंट करण्यांत आला, आणि मग शेतकऱ्यांच्या गोठ्यांवर, शाळांवर, बैठ्या घरांवर निळीं पॅनेलें दिसूं लागलीं. घरीं बहुधा दोन मीटर असत: एकावर विकलेली वीज, दुसऱ्यावर विकत घेतलेली. विकण्याचा भाव घेण्याच्या भावाहून चढा असल्यामुळें मालक आपली सगळी वीज विकीत व घरापुरती पुन्हां कंपनीकडून घेत.

पण हे पैसे सूर्य देत नव्हता, सरकारी खजिनाहि देत नव्हता. ते शेजाऱ्याच्या देयकांतून येत होते. 2014 सालीं हा अधिभार युनिटामागें 6.24 सेंट झाला. वर्षाला 3,500 युनिटें वापरणाऱ्या कुटुंबास त्यापायीं 218 युरो मोजावे लागत. ज्याला स्वतःचें छप्पर नाहीं असा भाडेकरूहि ते भरी, आणि अवाढव्य वीज वापरणाऱ्या पुष्कळ कारखान्यांना मात्र त्यांत मोठी सूट होती. ही तक्रार खोटी नव्हती. 1 जुलै 2022 पासून अधिभार बंद होऊन तो भार सरकारी निधीवर गेला, यांतच तिची कबुली आहे.

मग हा व्यवहार अन्यायाचा म्हणावा काय? माझ्या मतें, तो ज्या कामासाठीं होता तें काम त्यानें केलें. जर्मनीच्या या खात्रीच्या गिऱ्हाइकीमुळें आधीं युरोपांत व मग चीनमध्यें मोठे कारखाने उभे राहिले, आणि पॅनेलांची किंमत उतरत गेली. एप्रिल 2012 मध्यें नव्या लहान छपराचा दर 19.5 सेंट, म्हणजे घरगुती विजेच्या भावाहूनहि खालीं आला. तेव्हां मालकाचें गणित उलटलें: वीज विकण्यापेक्षां स्वतः वापरणें फायद्याचें ठरलें. अर्थात् आरंभींचा चढा दर हें विजेचें मोल नव्हतेंच. तो एका नव्या विद्येचा शिकवणीखर्च होता. शिकवणी ठराविक मुदतीचीच असावी, आणि ती कोण भरतो हें घरांतल्या सर्वांस ठाऊक असावें, एवढाच आग्रह योग्य.

आपल्या महाराष्ट्रांत 2015 च्या नियमांनीं निराळी वाट धरली. येथें तारांत सोडलेलें युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा होतें; रोख विक्रीपेक्षां देयकांतील बचत हीच मुख्य मिळकत. 2024 सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनें घरटीं 78,000 रुपयांपर्यंत अनुदान ठेवलें. म्हणजे शेजाऱ्याच्या देयकाऐवजीं देशाच्या तिजोरीनें हातभार लावला. आखेनकरांनीं युनिटास दोन मार्क मोजले नसते, तर आज आपल्या छपरावरचें पॅनेल इतकें स्वस्त झालें नसतें. ज्याच्या छपरावर तें आहे, त्यानें या दूरच्या अनोळखी भाडेकरूचें ऋण मानावें. आणि ज्या आपल्या शेजाऱ्यास छप्परच नाहीं, त्याचा विचार पुढील नियम करणाऱ्यांनीं आधीं करावा.