विनोदी गीत, मराठी
हसवण्यासाठी रचलेले, सोप्या ठेक्याचे आणि एका ध्रुवपदावर तरून जाणारे लोकप्रिय गीत. दादा कोंडके यांच्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) या चित्रपटातील ‘ढगाला लागली कळ’ हे त्याचे ठळक उदाहरण. राम-लक्ष्मण यांच्या संगीतात महेंद्र कपूर व उषा मंगेशकर यांनी ते गायले; २०१९ मध्ये ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी चित्रपटाने तेच पुन्हा घेतले. संजय लोंढे यांचे ‘शांताबाई’ हे असेच गीत २०१५ च्या सुमारास गाजले. भिवंडीकडच्या आगरी समाजाच्या लग्नातील हळदीत अशी गाणी खरी टिकतात. पहिल्या ठेक्यालाच आजी-नातू बरोबरीने मांडवात उतरतात. शब्द तोंडपाठ, नाचायला शिकवणी नको. संगीताच्या इतिहासातून या गाण्यांना उथळ म्हणून वगळणे अन्यायाचे आहे.