पाच जिनसांचे पेय

चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे आणि देवापुढे पंचामृत, ही पेये आपल्या परिचयाची आहेत. आज ज्या पेयाची कुळकथा आम्ही सांगणार आहोत, त्याला सभ्य बैठकीत सहसा पाट मांडला जात नाही. व्हिस्कीत गार केलेला चहा, लिंबू, साखर आणि फळांच्या फोडी घालून जे पेय करतात, ते अस्सल विलायती अशी सर्वांची समजूत. पण त्याचे मूळ शोधू लागलो, की वाट लंडनला न जाता आपल्याच किनाऱ्यावर येऊन पोहोचते.

या कुळाचे नाव ‘पंच’. १६३२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरी असलेल्या एका माणसाच्या पत्रात हा शब्द आढळतो. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांच्या अशाच मिश्रणाची नोंद केली आहे. पण खरा साक्षीदार डॉ. जॉन फ्रायर. चाकणच्या उत्तरेला असलेल्या जुन्नरच्या मोगल सुभेदाराने १६७५ साली त्याला वैद्य म्हणून बोलावले होते. म्हणजे हा गृहस्थ आपल्या मुलखातला घाट चढून गेलेला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात गोव्याकडील नेरूळच्या अरकेची कीर्ती आहे. या अरकेपासून इंग्रज एक अंग गाळून टाकणारे पेय करतात, आणि पाच जिनसांवरून त्याला हिंदुस्थानी भाषेतले पाचाचे नाव पडले आहे, असे तो सांगतो.

ही व्युत्पत्ती निर्विवाद आहे काय? नाही. मांडेल्स्लोच्या यादीत जिनसा चारच भरतात. शिवाय त्या काळी इंग्रज या शब्दाचा उच्चार ‘पुंच’ असा करीत. म्हणून काही पंडित तो पिंपाच्या एका जुन्या इंग्रजी नावाशी जोडतात. आमचे मत असे, की जो मनुष्य हे पेय करणाऱ्यांत वावरला त्याची साक्ष सहज फेटाळता येत नाही; मात्र तिला सिद्धान्त म्हणू नये.

आता चहा. १६८९ साली सुरतेत आलेला पाद्री ओव्हिंग्टन लिहितो, की तेथील वाणी लोक चहात मसाला घालीत. कोणी खडीसाखर, तर कोणी मुरवलेली लिंबे घालून तो घेत. म्हणजे चहा व लिंबू यांची सोयरीकही या बाजूला जुनीच. पुढे पंच युरोपात गेला. तिथे अरकेच्या जागी रम, ब्रँडी आणि व्हिस्की आली, आणि नुसत्या पाण्याच्या जागी चहा. यात युक्ती आहे. चहाचा तुरटपणा साखरेचा चिकट गोडवा कापतो आणि मद्याची धार बोथट करतो. जुने जाणकार लिंबाची साल आधी साखरेत चोळून तिचे तेल काढीत, मग रस घालीत. चहा फार वेळ उकळू देत नसत, नाही तर तो कडवटतो. फळे आणि जायफळ शेवटी.

पण आम्हाला मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. १६९४ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने हुकूम काढला, की खाणावळीत पंच मागणाऱ्याला सुमारे एक लिटर चांगली गोव्याची अरक, सुमारे पाव किलो साखर आणि सुमारे पाव लिटर लिंबाचे पाणी मिळालेच पाहिजे. पंच त्याने स्वतः करावा. भांड्यावर बाजार अधिकाऱ्याची मोहोर नसेल, तर गिऱ्हाइकाने ते खुशाल फोडावे. भांड्याचेही पैसे नाहीत आणि पंचाचेही नाहीत!

या हुकुमाचे हसू येईल. पण २०१५ सालच्या जूनमध्ये त्याच मुंबईत, मालवणीला, विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्या दारूत मेथेनॉल होते. बळी पडले ते कष्टकरी. १९४९ चा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे आणि पिण्यास परवाना लागतो. पण त्या गरिबाच्या भांड्यावर मोहोर नव्हती, आणि ते फोडण्याइतके ज्ञानही त्याला कोणी दिले नव्हते. कारखान्यांच्या या पट्ट्यात पाळी संपवून घरी जाणाऱ्यांविषयी आम्हाला काळजी वाटते ती याचसाठी.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पेनिसिलीनही आंबवण्याच्याच विद्येतून तयार होते. एकाच विद्येतून औषध निघते आणि मद्यही. फरक पडतो तो माप, पारख आणि सचोटी यांनी.

राहता राहिले पन्हे. आंबट कैरी, गोड गूळ, वेलदोडा आणि पाणी: पाचांपैकी चार जिनसा आपल्या आज्यांनी केव्हाच हेरल्या होत्या. पाचवी त्यांनी घातली नाही, आणि उन्हाळा त्यावाचून अडला नाही. ज्याला ती घालावयाची असेल, त्याने निदान मोहोर पाहावी.