दिवसापुरते दुसरे घर

संपादिकाबाईंनी ‘काहीतरी ऐतिहासिक लिहा’ म्हणून आग्रह केला आणि माझ्या डोळ्यांपुढे आली ती आमच्या सासूबाईंची पिशवी. वृद्धांच्या दिवसाच्या केंद्रात त्यांना प्रथमच न्यायचे होते. पिशवीत मी शाल व डबा ठेवला होता. त्यांनी हळूच देव्हाऱ्यातला बाळकृष्णही तीत घातला. म्हणाल्या, ‘परत आणणार नाहीस ना? मग देव कोणाच्या भरवशावर ठेवू?’

वृद्धाश्रमाची ही धास्ती काही आपल्याकडचीच नव्हे. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या काउली रोडवरील रुग्णालय म्हणजे पूर्वीचा गरीबखाना. तिथे डॉ. लायोनेल कोसिन यांनी वृद्धांसाठी दिवसाचे रुग्णालय चालविले. त्याची खास इमारत १९५८ साली उघडली. म्हातारी माणसे सकाळी येत, व्यायाम, हातकाम, औषधपाणी होई आणि सायंकाळी आपापल्या घरी जात. गरिबांनी ज्याचा धसका घ्यावा, त्याच आवारातून म्हातारे रोज घरी परतू लागले! मला तरी या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट मोठी वाटते.

पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत १९७१ साली ‘ऑन लोक’ ही संस्था निघाली व १९७३ मध्ये तिने दिवसाचे केंद्र उघडले. नावाचा अर्थ शांत, सुखी घर. वडीलधाऱ्यांना दूरच्या शुश्रूषागृहात न पाठविता त्यांची काळजी घ्यावी, हाच तिचा हेतू.

आपल्याकडे आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. जिल्ह्यागणिक निदान एक वृद्धाश्रम, त्यात किमान १५० निराधारांची सोय, अशी तरतूद त्यात आली. दिवसाच्या केंद्राचे मात्र त्यात नावही नव्हते. मग सासूबाईंना दोहोंतला फरक कसा उमगावा?

आणि खरे सांगते, भगिनींनो, दिवसाचे चार तास मोकळे मिळावेत ही माझीही गरज होती. ‘तुमच्याच करमणुकीसाठी’ असे मी सांगत राहिले, आणि संशय आला तो त्यामुळेच. शेवटी एके रात्री पाय चेपताना मी म्हटले, ‘मी थकले आहे, आई. संध्याकाळी पाचला मी दारात असेन.’ त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पहिला आठवडा जेवणापर्यंतच ठेवले. मीही तिथेच बाकावर बसून राही. मग वेळ वाढविली. बाळकृष्ण रोज पिशवीतून जाई, रोज परत येई. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पिशवी हलकी लागली. पाहते तो देव देव्हाऱ्यात, आणि सासूबाई म्हणतात, ‘आज नैवेद्य तू दाखव. मला उशीर होतो आहे.’