पोकळ वांशाचा गाभा

‘बडें घर पोकळ वांसा’ ही म्हण आपण दिखाऊपणाची थट्टा करण्यासाठीं वापरतों. आज ज्या कारागिरीविषयीं मी बोलणार आहें, तींत मात्र वांसा मुद्दाम पोकळ करतात, आणि त्यामुळेंच तो सरळ राहतो. ही कारागिरी म्हणजे बिलियर्ड व पूल या खेळांच्या काठीची, अर्थात् क्यूची. पुण्यास १९२२ सालीं जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं हौशी बिलियर्डचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, हें आपणांस ठाऊक आहे. पण काठी घडविणाऱ्यांचीं नांवें आपण क्वचितच ऐकतों.

प्रारंभीं जाड डोक्याच्या दांड्यानें चेंडू ढकलीत. कडेस चिकटलेल्या चेंडूस तें डोकें लागेना, म्हणून दांडा उलटा धरून त्याच्या शेपटानें टोला देऊं लागले. फ्रेंच भाषेंत शेपटीस ‘क्यू’ म्हणतात. तेंच नांव रूढ झालें. पुढें एकोणिसाव्या शतकांत टोंकास चामडें बसलें, चेंडूस हवी तशी फिरकी देतां येऊं लागली, आणि काठीचा यत्किंचित् वांकडेपणाही खुपूं लागला.

अमेरिकेंत काठीचे दोन भाग करून ते मळसूत्री खिळ्यानें जोडण्याची कला शिकागोचे हर्मन रॅम्बो यांच्यासारख्यांनीं वाढविली. रशियांत १९१२ सालीं जन्मलेले जॉर्ज बालाबुश्का यांनीं १९५९ पासून न्यूयॉर्कमध्यें क्यू घडवून तिला कलावस्तूची प्रतिष्ठा दिली. शौकिनांस मग आबनुसासारखीं किंवा गांठाळ, नक्षीदार लांकडें हवींशीं वाटूं लागलीं. परंतु आबनूस जड व तडकणारा. गांठाळ लांकडाचे तंतू वेडेवांकडे, म्हणून दमट हवेंत तें पिळवटतें.

यावर उपाय असा : सुंदर लांकडास आरपार भोंक पाडून त्यांत सरळ तंतूंच्या मेपलचा सुमारें पाऊण इंची गाभा बसवावयाचा. लांब भोंक सरळ पाडण्याची विद्या मात्र तोफखान्यांतली आहे. अठराव्या शतकांत वूलिच येथें यान फेरब्रुगेन तोफ आडवी ठेवून फिरवीत आणि पातें स्थिर ठेवीत; त्यामुळें भोंक मध्यरेषा सोडीत नसे. क्यूचे कारागीरही लांकूड कातयंत्रावर फिरवितात; बंदुकीच्या नळ्यांसाठीं निघालेलें लांब गिरमिट स्थिर असतें, आणि त्याच्या पोटांतून सोडलेली दाबाची हवा भुसा बाहेर फेंकते.

खरी कसोटी पुढेंच. गुळगुळीत गाभा घट्ट खुपसला, तर तो सारा सरस पुढें ढकलतो, हवा कोंडते, आणि एखादी जागा कोरडी राहते. ती कोरडी जागा टोल्यागणिक खुळखुळते. म्हणून गाभ्यावर उथळ आटे पाडतात. त्या मळसूत्राच्या वाटेनें हवा निघून जाते व सरस सर्वत्र पसरतो. त्यानंतर काठी दिवसेंदिवस विसावूं देऊन थोडी थोडी कातावयाची, कारण घाईनें कातलेलें लांकूड वांकतें.

कोणी म्हणेल, वर आबनूस आणि आंत मेपल, ही फसवणूकच नव्हे काय? गिऱ्हाइकास न सांगतां केली तर खचित फसवणूक. सांगून केली, तर तो दुबळ्या सौंदर्यास दिलेला आधार आहे. आणि हा आधार कोणास दिसत नाहीं. तो नीट बसला कीं नाहीं, हें प्रथम एकट्या कारागिरासच ठाऊक असतें.